पाकिटावरचे अक्षर



वैशाख आला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी दोन कामे एकदम येतात. मुंबईकर मंडळी सुट्टीला आलेली असतात; परतताना त्यांना आंबापोळी, आमसुले, काजू, कुळथाचे पीठ बांधून द्यायचे असते. त्याच दिवसांत बुद्ध पौर्णिमा येते. विहारासाठी पाटी, पताका, मुलांच्या हातची शुभेच्छापत्रे लागतात. पाकीट असो की पाटी, प्रश्न एकच पडतो : वर नाव कोणत्या अक्षरात घालायचे?

गेल्या साली आमच्या बचत गटात यावरून चांगलाच वाद झाला. आंबापोळीच्या पाकिटाला लेबल करायचे होते. गटातल्या एका मुलीने संगणकाच्या दुकानातून पाच-सहा नमुने आणले. सगळ्यांच्या मनात भरला तो वेलबुट्टीचा. प्रत्येक काना खाली वळलेला, वेलांटीला फुलाचा तुरा. मग तो आमच्या काकींच्या हातात दिला. काकी उतारवयात साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "बाय, चितार बरा हाय गो. पण लिवलंय काय?"

पहिली परीक्षा हीच. जे अक्षर काकींना वाचता येत नाही, ते घाईच्या गिऱ्हाइकालाही वाचता येत नाही. नमुना लेबलाच्या खऱ्या आकारात छापून घ्या, हातभर लांब धरा आणि सावकाश वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

दुसरी परीक्षा तीन शब्दांची. 'बुद्ध पौर्णिमा' लिहून पाहा. काही नक्षीदार फाँटमध्ये 'द्ध' हे जोडाक्षरच नसते. द पाय मोडलेला आणि ध बाजूला, असे दिसते. 'पौर्णिमा'तला रफार आणि वेलांटी एकमेकांत अडकतात. मग 'पंचशील' लिहा. हिंदी वळणाचे श आणि ल वेगळे असतात; मराठीतली त्यांची रूपे शासनाने २००९ साली ठरवून दिली आहेत. शेवटी 'आंबापोळी' लिहा आणि 'ळ' पाहा. हे तीन शब्द नीट उमटले तर ते अक्षर आपल्या कामाचे.

तिसरी गोष्ट, नक्षी फक्त एका शब्दाला. सणाची साडी एकीच्या अंगावर शोभते, पण सगळ्या मांडवाला ती गुंडाळत नाहीत. 'आंबापोळी' एवढाच शब्द ठसठशीत, सजलेला घ्या. वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, अन्न नोंदणीचा क्रमांक आणि पत्ता साध्या अक्षरात. हा मजकूर कायद्यानेही स्पष्ट वाचता आला पाहिजे. रंग निवडताना पांढऱ्यावर निळे किंवा पिवळ्यावर निळे घ्या. पिवळ्यावर पांढरे चार हातांवरून दिसत नाही.

अक्षरांसाठी पैसे मोजायचीही गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेची मुक्ता, बालू, मोदक ही अक्षरे फुकट मिळतात आणि विक्रीच्या मालावरही वापरता येतात. बालू गुबगुबीत आहे, मुलांच्या पत्रांना छान. मोदक फारच जाड. त्याच्या पोटातली जागा जवळजवळ बुजलेली, म्हणून ते मोठ्या पाटीवरच घ्यावे. 'यात्रा वन' हे रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेले अक्षर. पत्त्याला आणि बारीक मजकुराला मुक्ता बरे. कुणी विकतचा फाँट चोरून देत असेल तर नको म्हणा. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील अक्षरालाही लागू आहे.

संगणक नसेल तरी अडत नाही. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा जाड पुठ्ठा घ्या. अक्षरे कापून लावायची असतील तर शिरोरेषा रुंद ठेवा, म्हणजे सगळा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. रंग मारण्यासाठी साचा करायचा असेल तर उलटे करा. शिरोरेषा दर अक्षराला थोडी तोडा आणि व, ब, म यांच्या पोटातला तुकडा गळू नये म्हणून मध्ये बारीक पट्टी राखा.

साधे अक्षर म्हणजे कमी प्रतीचे, असे मुलींना वाटू देऊ नका. सम्राट अशोकाने आपल्या लेखांना 'धम्मलिपी' म्हटले. सोपाऱ्याला १८८२ साली त्यांतल्या एका लेखाचा तुकडा सापडला. ती ब्राह्मी अक्षरे म्हणजे सरळ रेघ, वर्तुळ आणि कोन. नक्षी कुठेच नाही. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीतून आली.

आता वादाचा खरा मुद्दा सांगते. नाव ठरले, अक्षर ठरले, पत्त्यावर गाडी अडली. एक वहिनी हळूच म्हणाली, "वाडीचे नाव नको घालूया. घालायचेच तर त्या वेलबुट्टीत बारीक घाला, कुणाला वाचता येणार नाही." कुणीच बोलेना. तिचे चुकले असे तरी कसे म्हणावे? माल परत आला तर तोटा सगळ्यांचाच. शेवटी काकीच म्हणाल्या, "रस आमी थापला, उन्हात आमी बसलो. मग नाव कशाला चोरायचा?"

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ज्या वाडीने नवे नाव घेतले, तिने ते अभिमानाने घालावे. आमची अजून बौद्धवाडीच आहे. आम्ही तो शब्द मुक्ता अक्षरात, वजनाच्या ओळीएवढ्याच आकारात छापला. एका दुकानदाराने पाकीट उलटून पत्ता वाचला आणि "नंतर बघू" म्हणाला. तो 'नंतर' अजून आलेला नाही. दुसऱ्या दोघांनी माल घेतला आणि पावसाआधी पुन्हा मागवला. त्या वहिनीनेच मागणीची वही लिहिली.

तेव्हा भगिनींनो, यंदा अक्षर निवडताना ते सुंदर आहे का हे जरूर पाहा. पण त्याच्या वळणात आपले नाव झाकले जात नाही ना, हे आधी पाहा. आपल्या आज्यांना सही करता येत नव्हती, त्या अंगठा देत होत्या. आपल्याला लिहिता येते, तर वाचता येईल असे लिहूया.

नमो बुद्धाय, जयभीम.