ताशाविना जुळलेले दोन ढोल

बालमित्रांनो, मिरवणुकीतला आपला नाशिक ढोल ऐकलाय ना? इतके ढोल एकदम कसे वाजतात, सांगा पाहू! बरोबर, ताशाच्या इशाऱ्यावर. ज्याचं लक्ष हललं, त्याचा ठोका चुकला!

आता दोन इवलेसे ढोल पाहू. पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे ५० भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी यांची लांबी! अमेरिकेतल्या बोल्डर शहरी एनआयएसटी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ढोल ॲल्युमिनियमचे होते. उणे २७३ अंश सेल्सियसच्या अगदी जवळ, अशा थंडीत ते ठेवले. एवढ्या थंडीत ॲल्युमिनियम अतिसंवाहक होतं, म्हणजे वीज त्यातून अडथळ्याविना वाहते. मग मायक्रोवेव्ह लहरी सोडून दोन्ही ढोलांची जोडी जमवली.

गंमत पुढेच आहे. एकट्या ढोलाचं माप घेतलं, तर ते कधी असं, कधी तसं. पण दोघांची मापं शेजारी मांडली, की ती जुळतात! तीही इतकी घट्ट, की नुसत्या इशाऱ्याने एवढा मेळ बसूच शकत नाही. खात्रीसाठी प्रयोग १०,००० वेळा केला. या गुंतण्याला क्वांटम एन्टँगलमेंट म्हणतात. मात्र त्यातून एका ढोलाकडून दुसऱ्याला निरोप धाडता येत नाही, बरं का!

हे गुंतणं अणूंमध्ये, प्रकाशकणांमध्ये आधीच दिसलं होतं. या एकेका ढोलात तर सुमारे एक लाख कोटी अणू! म्हणजे हा नियम फक्त अणूंपुरता नाही.

आपल्याकडेही असं काम चालतं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे मंदार देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीनच्या चिमुकल्या पडद्यांची कंपनं अभ्यासली. याच संस्थेत अतिसंवाहक मंडलांची सहा क्युबिटची चिप तयार झाली. पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर २०२४ साली तिची चाचणी पूर्ण झाली. क्वांटम संगणकाला हेच गुंतणं लागतं.

पालकांनो, मुलांनी यावर काही विचारलं, तर "हे अभ्यासक्रमात नाही" असं म्हणू नका. कुलाब्याला पोचलेल्यांनीही कधीतरी असंच विचारलं असेल.

आता तुमच्यासाठी प्रश्न: मिरवणुकीतले मोठे ढोल असे का गुंतत नाहीत? उत्तराची किल्ली त्या थंडीत आहे. उष्णतेने अणू सतत हलतात, हवाही धक्के देते. मग नाजूक गुंता टिकेल का? विचार करा आणि वर्गात बाईंना सांगा!