वैशाखांतील परसबाग व तिचें पाणी

वसंत ऋतु म्हटला कीं आमच्या कवींस आंब्याचा मोहोर व कोकिळेचें कूजन आठवतें. परंतु ज्या घरीं परसांत चार वाफे भाजी आहे, त्या घरीं वसंताचें स्वरूप निराळें असतें. चैत्र निम्मा होतो न होतो तों कोथिंबीर फुलावर येते, पालक कडवट होतो, आणि दुपारीं वांग्याचीं पानें ओल्या फडक्यासारखीं लोंबूं लागतात. बरें, हाच काळ वार्षिक परीक्षेचा. मुलगा पुस्तकांत गढलेला, आणि थंडींत मोठ्या हौसेनें लाविलेली बाग सुकत चाललेली. अशा वेळीं पुष्कळ आईबाप म्हणतात, "जाऊं द्या, उन्हाळ्यांत कसली बाग! प्यावयास पाणी पुरेना, तेथें भेंडीस कोठून घालणार?"

हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेऊं इच्छीत नाहीं. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ज्या प्रांतांत हें घडलें, तेथील मुलांना पाण्याचा हिशेब न शिकवितां बागेची गोडी लावणें आम्हांस अयोग्य वाटतें. तेव्हां प्रथम हिशेबच करूं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हांत भाजीचा वाफा दिवसाकाठीं ५-६ मिलिमीटर पाणी सहज गमावतो. म्हणजे ३ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा वाफ्यास रोज १५ ते १८ लिटर, लहानशा दोन बादल्या, लागणार. चार वाफ्यांस आठ बादल्या. टंचाईच्या दिवसांत आठ बादल्या कोणत्याही घरास जड. दोन मात्र तितक्या जड नाहींत, कारण तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी, जें एरवीं मोरींतून वाहून जातें, तें साठविलें तर त्यांतला बराच भाग तेथेंच निघतो.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, उन्हाळा लागतांच बाग लहान करावी. चारही वाफ्यांस अर्धेंअर्धें पाणी घालून रडतमरत ठेवण्यापेक्षां तीन वाफे मोकळे करावे व एक पोटभर पाजावा. हें करितांना हौशी माणसाचा जीव तुटतो, विशेषतः टोमॅटोच्या बाबतींत. झाड हिरवेंगार, फुलांनीं भरलेलें. उपटावें तरी कसें? पण दिवसाचें उष्णतामान ३५ अंश सेल्सिअसच्या वर राहूं लागलें व रात्रीही तापूं लागल्या म्हणजे टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाहीं व फूल गळून पडतें. कितीही पाणी ओतलें तरी तें झाडास जगवील, फळ देणार नाहीं. उलट भेंडी, गवार, चवळी आणि माठ हीं उन्हाचींच लेंकरें. माठ तर पेरल्यापासून महिन्याभरांत ताटांत येतो.

आतां ती दुसरी गोष्ट, जिच्याविषयीं घरांत सहसा कोणी बोलत नाहीं. बाग कोणाची? शेजारी कौतुक करितात तें मुलाचें. परंतु पहाटे नळास पाणी येतें तेव्हां उठून बादल्या भरणारी, व मुलगा झोपेंत असतां त्या परसांत नेऊन ओतणारी बहुतेक घरीं आईच असते, नाहीं तर थोरली बहीण. ती बाग मुलाची नव्हे, व तिचें श्रेय घेण्याचा त्यास अधिकार नाहीं. परीक्षेची सबब पुढें करण्यांत येते. दोन बादल्या नेण्यास अर्धी घटका पुरे. ज्या अभ्यासांतून तेवढाही वेळ निघत नाहीं, तो अभ्यास कसा चालला आहे हें पालकांनींच पहावें. ज्यानें बीं पेरलें त्यानेंच पाणी वहावें, आणि त्याची तयारी नसेल तर बाग खुशाल वाळूं द्यावी. आईनें ती गुपचूप जगवूं नये. हें कठोर वाटेल. पण आईच्या कंबरेपेक्षां वांगीं महाग नाहींत.

पाणी सूर्योदयाच्या सुमारास द्यावें. दुपारीं दिलेलें बरेंचसें वाफ होऊन उडून जातें. पानांवरील थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात म्हणून दुपारीं पाणी नको, असें पुष्कळ जण सांगतात. हंगेरींतील संशोधकांनीं हा प्रश्न तपासून २०१० सालीं दाखविलें कीं, गुळगुळीत पानांच्या बाबतींत तें खरें नाहीं. नियम बरोबर, कारण मात्र चुकीचें. तसेंच दुपारीं पान लोंबलें म्हणून धांवत जाऊं नये. सायंकाळीं तें बहुधा आपोआप सांवरतें. पहाटेही झाडानें मान टाकलेली दिसली तर काळजी करावी, आणि तेव्हांही अगोदर बोट दोन पेरें मातींत खुपसून ओल पहावी, कारण अति पाण्यानें मुळें कुजलीं तरीही झाड असेंच लोंबतें.

वाफ्यावर वाळलेला पाला, गवत किंवा उंसाचें पाचट चार बोटें जाड पसरावें. त्यानें माती कमी तापते व ओल टिकते. यासारखा स्वस्त उपाय दुसरा आम्हांस माहीत नाहीं. मुलांस अधिक मौज वाटेल ती मडक्याची. पाझरणारें साधें मातीचें मडकें गळ्यापर्यंत जमिनींत पुरून भरून ठेवावें व भोंवतीं दोडक्याचे किंवा कारल्याचे वेल लावावे. पाणी मडक्याच्या अंगांतून पाझरून मुळांस पोंचतें. चीन देशांतील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका कृषिग्रंथांत ही रीत सांगितलेली आहे. तोंडावर झांकण मात्र हवेंच, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ सांचलेल्या पाण्यांतच वाढतो. साबणाचें पाणी पालेभाजीस घालूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

राहिला प्रश्न सुटींत गांवीं जाणारांचा. शेजाऱ्यास "तेवढें पाणी घाला हो" असें सांगून निघून जाण्याची जी चाल आहे, ती आम्हांस आवडत नाहीं. शेजाऱ्याचें पाणीही मोजकेंच असतें. जातांना भाजीही त्यांच्याच हवालीं करावी. दीड महिना जो पाणी वाहील त्यानेंच भेंडी खावी, व परत आल्यावर तिची चौकशी करूं नये. तेंही न जमल्यास वाफे मोकळे करून माती उकरावी व उन्हांत तापूं द्यावी. तिच्यांतील पुष्कळसे किडीचे कोष व तणाचीं मुळें त्या उन्हानेंच मरतात. मात्र निघण्यापूर्वीं भेंडीच्या व गवारीच्या चार जून शेंगा झाडावरच वाळवून, बीं काढून, राखेंत घोळून कोरड्या डब्यांत ठेवावें. जूनमध्यें शाळा उघडते, त्याच सुमारास तें पेरतां येतें.