स्ट्रेचर कोण ढकलतो?

मांडीचे हाड मोडलेला शेतमजूर सरकारी रुग्णालयात स्ट्रेचरवर पडलेला आहे, त्याचा मुलगा ट्रॉली ढकलतो आहे आणि पत्नी सलाईनची बाटली उंच धरून मागे धावते आहे, हे दृश्य आता कोणालाही विपरीत वाटेनासे झाले आहे. क्ष-किरण विभाग दुसऱ्या इमारतीत, मधला रस्ता उखडलेला आणि ट्रॉलीच्या एका चाकाचे रबर गेलेले! याला ‘गैरसोय’ म्हणून सोडून देता येणार नाही. मोडलेल्या अवयवाला फळीचा आधार न देता रुग्णास हलविले, तर हाडाची टोके स्नायूंना व रक्तवाहिन्यांना जखमी करतात आणि रक्तस्राव वाढतो. तेव्हा रुग्णाला सुखरूप व शक्य तितक्या आरामात नेणे हा उपचाराचाच भाग होय. ती उपचारावरची मेहेरबानी नव्हे.

वैद्यकशास्त्राला हे दोनशे वर्षांपूर्वीच उमगले होते. फ्रेंच लष्करी शल्यविशारद दोमिनिक लारे याने १७९० नंतरच्या दशकात जखमी सैनिकांसाठी हलक्या घोडागाड्या तयार करविल्या. त्यांना स्प्रिंगा होत्या, आत गादी होती, आणि कोणाला आधी न्यायचे हे हुद्द्यावरून न ठरता जखमेवरून ठरत असे. आपल्याकडे अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून गरोदर आदिवासी स्त्रीला आजही बांबूच्या झोळीतून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालये खाट नाही, साधन नाही, असे सांगून पुढे पाठवीत राहिली. तो खेतमजूर समितीचा सभासद होता. समितीने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय न्यायालयाने १९९६ साली दिला आणि रुग्णाला पुढील रुग्णालयात नेण्यासाठी साधनांनी व कर्मचाऱ्यांनी सुसज्ज रुग्णवाहिका ठेवण्यासही सांगितले. २०११च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने बाळंतिणीला विनामूल्य नेण्याची आणि घरी पोहोचविण्याची हमी दिली. २०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. परंतु रुग्णवाहिका दारात आणून सोडते, तेथून खाटेपर्यंतचे आणि खाटेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंतचे अंतर कोणाच्या जबाबदारीचे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर चतुर्थ श्रेणीच्या रिकाम्या पदांत आहे. ती भरावयाची नाहीत, भरली तर ठेकेदारामार्फत, हे धोरण वर्षानुवर्षे चालू आहे. बाह्य यंत्रणांमार्फत नोकरभरतीचा शासननिर्णय २०२३ साली विरोधामुळे मागे घ्यावा लागला, हे खरे. पण ठेकेदारीची रीत त्याने संपली नाही. अल्प वेतनावर अनेक कक्षांत धावणाऱ्या कक्षसेवकाकडून हळुवारपणाची अपेक्षा करणारे व्यवस्थापन त्याला एक दिवसाचे प्रशिक्षणही देत नाही. सपाटीवर रुग्णाचे पाय पुढे ठेवावेत, म्हणजे वाट त्याला दिसते. चढावर डोके पुढे असावे. अंगावर चादर असावी. कोठे व कशासाठी नेत आहोत हे दोन शब्दांत सांगावे. या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, माणसे मात्र लागतात.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. चहापाण्याचे पैसे हातावर ठेवल्याखेरीज ट्रॉली हलत नाही, ही रुग्णांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. कामगार संघटनांनी त्यावर पांघरूण घातले, तर कायम नोकरीच्या मागणीला रुग्णांच्या नातलगांचा पाठिंबा मिळणार नाही आणि खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना आयतेच निमित्त मिळेल.

रुग्ण कल्याण समित्या प्रत्येक ग्रामीण व जिल्हा रुग्णालयात आहेत. त्यांच्या बैठका बहुधा कागदावरच होतात. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील समितीकडे तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: चालू स्थितीतील ट्रॉल्या किती, रात्रपाळीला कक्षसेवक किती, आणि उद्वाहक बंद पडल्यास दुसऱ्या मजल्यावरील रुग्णाला खाली कोण आणतो.