गोळीने झोप येईल, कसब येईलच असे नाही

शिक्षण हस्तोद्योगातून व्हावे, असा आग्रह महात्मा गांधींनी 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत धरला आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. हात दिवसा जे शिकतो ते पक्के व्हायला रात्रीची झोप मदत करते, हे पुढे मेंदूविज्ञानाने दाखवले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे नेमके इथेच अडते.

2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातली परीक्षा साधी होती. डाव्या हाताच्या बोटांनी पाच आकड्यांचा ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा दाबायचा. सराव करताना रुग्णांचाही वेग वाढला. मात्र एका रात्रीच्या झोपेनंतर निरोगी माणसांची बोटे आणखी भरभर चालली, रुग्णांची नाही. झोपेत मेंदूत क्षणभर उमटणाऱ्या चातीच्या आकाराच्या लहरी या आजारात कमी असतात. एस्झोपिक्लोन ही झोपेची गोळी त्या वाढवते, म्हणून आशा निर्माण झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहरी वाढल्याही, पण सकाळचे कसब वाढले नाही. नुसती संख्या वाढून भागत नाही, गाढ झोपेतल्या संथ लहरींशी त्यांचा मेळही बसावा लागतो, असे संशोधक आता मानतात.

वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयांकडे धाव घेणाऱ्या कुटुंबांसाठी यात मोलाचा धडा आहे. ‘रातभर झोपत नाही जी, गोळी द्या’ ही मागणी रास्तच आहे. निद्रानाशावर उपचार झालेच पाहिजेत. पण रुग्ण झोपला म्हणजे उद्यापासून कामाला लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. काल दाखवलेले काम आज हातात बसले नाही, तर त्याला आळशी ठरवू नका. तेच काम लहान टप्प्यांत, न रागावता पुन्हा दाखवा. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नका आणि आजाराची औषधे मनाने बंद करू नका.

डॉक्टरांनीही झोप कशी आहे याबरोबर हाताला काम जमते का, हे प्रत्येक भेटीत विचारावे. औषधाच्या चिठ्ठीइतकेच कामाच्या प्रशिक्षणालाही उपचारात स्थान हवे. नयी तालीम जिथे रुजली, त्या जिल्ह्याने याची सुरुवात करावी.