नवी खाती आणि वर्षअखेरची शिल्लक

बँकेत दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. वर्षभरात नव्याने उघडलेली खाती किती, हा एक. आणि मार्चअखेर चालू असलेली एकूण खाती किती, हा दुसरा. त्यांची गल्लत झाली की निष्कर्ष चुकतो. आजारांच्या आकडेवारीचेही तसेच आहे. गंभीर मनोविकार पुरुषांना अधिक होतात की स्त्रियांना, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणता आकडा पाहतो यावर अवलंबून असते.

या विकारांतील प्रमुख म्हणजे स्किझोफ्रेनिया. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, निराधार परंतु अढळ संशय, बोलण्यातील विसंगती ही त्याची लक्षणे. जॉन मॅक्ग्रा व सहकाऱ्यांनी २००४ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण १५ नवे रुग्ण आढळतात आणि स्त्रियांतील १० रुग्णांमागे पुरुषांत सुमारे १४ हे प्रमाण पडते, असे त्यातून दिसले. याच गटाने २००५ साली एकूण चालू रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा मात्र स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक आढळला नाही.

खरा फरक आहे तो वयाचा. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या पूर्वार्धात प्रकटतो. स्त्रियांत सरासरी तीन-चार वर्षे उशिरा, आणि पुन्हा थोड्या प्रमाणात रजोनिवृत्तीच्या सुमारास. इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रियांना काही काळ संरक्षण देत असावे, असे एक अनुमान आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत आजार पंचेचाळिशीपूर्वी सुरू झालेला असावा, अशी अट होती. त्या नियमाने उशिरा आजारी पडणाऱ्या स्त्रिया गणतीबाहेर राहत. १९८७ साली ती अट काढून टाकण्यात आली. प्रसूतीनंतर उद्भवणारा तीव्र मनोविकार तर केवळ स्त्रियांच्याच वाट्याला येतो. हजार बाळंतपणांत एक-दोन असे त्याचे प्रमाण आहे.

वाचकहो, या तीन-चार वर्षांच्या अंतराला आपल्या घरांत फार मोठा अर्थ आहे. मुलगा पेढीवर बसू लागतो त्याच वयात आजार डोके वर काढतो आणि आपण त्याला आळशी ठरवतो. मुलीच्या बाबतीत तोवर लग्न झालेले असते. मग 'माहेरच्यांनी आजार लपवला' असा आरोप होतो. लग्नाच्या वेळी आजार प्रकटलाच नव्हता, ही शक्यता कोणी विचारातही घेत नाही. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेतील डॉ. आर. थारा व सहकाऱ्यांनी अशा मोडलेल्या संसारांचा अभ्यास केला आहे. त्यांतील अनेक स्त्रिया वृद्ध आईवडिलांच्या आधारावर दिवस काढत होत्या. आईवडिलांनंतर काय, हीच त्या घरांची मोठी चिंता होती.

हा आजार कोणाच्या संस्कारांचा दोष नव्हे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके हिताचे. बाळंतिणीचे असंबद्ध बोलणे अंगारे-धुपाऱ्यांवर सोपवू नये. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. सून आजारी पडली तर आधी तिचे औषध सुरू करावे. व्याह्यांशी हिशेब करण्याची ती वेळ नव्हे.