मंद्र स्वराला जागा किती लागते?

कच्छमधील कुंदरोडी गावाहून मुंबईत आलेल्या विरजी शाह यांनी येथे किराणा मालाचे दुकान थाटले. त्यांच्या एका गिऱ्हाइकाची उधारी थकली. रोख देणे जमेना, तेव्हा त्याने दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवून हिशेब चुकता केला, अशी हकिगत सांगितली जाते. त्या शिक्षकाला स्वतःलाच संगीत फारसे येत नव्हते, असेही त्या हकिगतीत येते. ती मुले म्हणजे कल्याणजी आणि आनंदजी. बुडीत खात्यातून एवढी मोठी वसुली झाल्याचे दुसरे उदाहरण व्यापारी कुटुंबांत शोधूनही सापडणार नाही.

पुढे १९५४ च्या ‘नागिन’मध्ये कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून पुंगीचा स्वर काढला आणि तो देशभर गाजला. सत्तरच्या दशकातील या बंधूंचे चित्रपटसंगीत ऐकताना सुरावटीच्या खालून एक जाड, लवचिक स्वर चालत असतो. तो बास गिटारचा. त्यांच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) या चित्रपटांतील संगीताचे अंश अमेरिकेतील ब्लॅक आइड पीज या समूहाने २००५ मध्ये आपल्या गाण्यात घेतले. ऐकणाऱ्याचे लक्ष गायकाकडे असते, पण पाय हलतो तो या खालच्या स्वरामुळे.

आता हेच वाद्य घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांतून मुले मागू लागली आहेत. मुंबईतच वाढलेल्या मोहिनी डे यांनी हे वाद्य वडील सुजॉय डे यांच्याकडून घेतले आणि लहान वयातच त्या ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागल्या. त्यांना पाहून मुलीही मागतात. घरात अशी मागणी आली की बहुधा एकच चूक घडते. हौसेने वाद्याबरोबर मोठा ॲम्प्लिफायर घरी येतो. आठ दिवसांत खालच्या मजल्यावरून निरोप येतो, महिन्याभरात सोसायटीचे पत्र येते, आणि दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही वस्तू माळ्यावर चढतात. पैसे जातात ते जातात; पण मुलाची समजूत अशी होते की आपल्या घरात या गोष्टीला जागाच नाही.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उपनगरातील लहान फ्लॅटमध्ये स्वच्छ ध्वनिमुद्रण करता येईल अशी जी थोडी वाद्ये आहेत, त्यांत बास गिटार अग्रभागी आहे. त्याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला. तोपर्यंत हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बासकडे होते. फेंडर यांनी पोकळ पेटीऐवजी भरीव लाकूड घेतले, त्यावर चार तारा चढवल्या आणि फ्रेट बसवले. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठेवली. भरीव लाकडामुळे हे वाद्य स्वतः जवळजवळ मुके असते. तारांचे कंपन पिकअपमधील चुंबक व तारेचे वेटोळे टिपतात आणि त्याची विद्युतलहर होते. ही लहर केबलमधून थेट नेता येते. मायक्रोफोन लागतच नाही. त्यामुळे बाहेर लोकलचा भोंगा वाजो, शेजारी ड्रिल चालो, मुद्रणात त्यातले काहीही शिरत नाही. आजी आतल्या खोलीत ४८ मिनिटांच्या सामायिकेला बसलेली असताना नातू हेडफोन लावून बाहेर वाजवत असेल, तर तिच्या कानी फार तर तारांची टकटक येईल.

मोठा स्पीकर मात्र या घरात खरोखरच निरुपयोगी आहे, शेजारी कितीही सहनशील असले तरी. बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि त्या ध्वनीलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. दहा फूट रुंदीच्या खोलीत ती लहर पुरी मावतच नाही. उलट अशा खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये घुमून अकारण फुगतो. बासची दुसरी मोकळी तार ५५ हर्ट्झची, म्हणून नेमकी तीच गुरगुरते आणि बाकीचे स्वर दुबळे वाटतात. वाजवणाऱ्याला दोष आपल्या बोटांचा वाटतो, असतो तो खोलीचा. भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवण्याची जी टूम आहे, ती एवढ्या मंद्र स्वरांपुढे काहीच करत नाही. तो खर्च टाळावा हे उत्तम.

मग घ्यावे काय? एक साधा बास, एक ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा बंद पाठीचा हेडफोन आणि घरातला संगणक. इंटरफेस ही हातभर केबलने संगणकाला जोडायची लहान पेटी आहे. तिच्यावर गिटारसाठी वेगळा इनपुट असला पाहिजे. त्याचा रोध साधारण दहा लाख ओहम असतो. पिकअपची लहर नाजूक असते, कमी रोधाच्या इनपुटात ती घातली तर आवाज बोथट होतो. मुद्रण २४ बिटवर करावे आणि जोराचे ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढीच पातळी ठेवावी. काटा लाल रंगापर्यंत नेण्याची घाई नको. एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. मुद्रण साधेच करावे, ॲम्प्लिफायरचा रंग नंतर सॉफ्टवेअरमधून चढवता येतो, आणि न आवडल्यास उतरवताही येतो. वाजवणे आणि ऐकू येणे यांत अंतर जाणवत असेल, तर बफर १२८ नमुन्यांवर आणावा. ४८,००० नमुन्यांच्या वेगाला हा विलंब सेकंदाच्या साडेतीनशेव्या हिस्स्याहूनही कमी असतो. वाटेत थोडी भर पडते, पण हाताला ती कळत नाही.

मुंबईच्या घरांत खरा शत्रू वेगळाच आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बासच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो स्वर येतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरातील विजेची घरघर बासच्या ऐन अंगणात येऊन बसते, आणि ती फिल्टरने काढायला गेले तर स्वरही सोबत जातो. म्हणून ती मुळातच रोखावी लागते. पहिली परीक्षा सोपी: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. घरघर थांबली, तर दोष चार्जर किंवा अर्थिंगमध्ये. जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतेच असते. ते जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. हा खर्च संगीताचा न मानता घराच्या सुरक्षेचा मानावा. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. वाजवणाऱ्याचा हात सतत धातूच्या तारांवर असतो. बास निवडतानाही ही गोष्ट ध्यानी ठेवावी. प्रिसिजनचा पिकअप १९५७ मध्ये दोन भागांत विभागला गेला आणि ते दोन भाग एकमेकांची घरघर खोडतात. त्या धर्तीवर बनलेली स्वस्त वाद्येही हा गुण घेऊन येतात.

एक प्रश्न या मासिकाच्या वाचकांच्या घरी निश्चितच निघेल. तारा पोलादाच्या व निकेलच्या असतात, त्यांत आतड्याचा अंश नसतो. जुन्या डबल बासमध्ये तो असे. परंतु तारा ज्या खाचांवर टेकतात तो पांढरा नट काही वाद्यांत हाडाचा असतो, आणि खांद्यावरचा पट्टा कातडी असू शकतो. दुकानात हे स्पष्ट विचारावे. कृत्रिम पदार्थाचा किंवा पितळेचा नट आणि सुती वा नायलॉनचा पट्टा सहज मिळतो, आणि आवाजात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. धोबी तलावावर १८६५ पासून चालत आलेल्या फर्टाडोजसारख्या पेढीत असले प्रश्न विचारण्यात संकोच नको.

घरात काय साधते याचा दाखला अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात आहे. बेरी गॉर्डी या तरुणाने १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेतले आणि मोटाउन ही ध्वनिमुद्रण संस्था उभी केली. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरील एक साधे राहते घर हाच तिचा स्टुडिओ. तेथे जेम्स जेमर्सन यांचा बास मायक्रोफोनशिवाय, केबलने थेट मुद्रण-मेजात जाई. त्यांचे वाद्य म्हणजे १९६२ चा एक प्रिसिजन, आणि त्यावरच्या सपाट गुंडाळीच्या तारा ते बदलतही नसत. साठच्या दशकातील मोटाउनच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांना जो पाया लाभला, तो याच बेताच्या सामग्रीतून.

तारांबाबत मात्र जेमर्सन यांचे अनुकरण मुंबईत जमेलच असे नाही. पावसाळ्यात येथील दमट हवेने तारा गंजतात, लाकडी मान किंचित वाकते, आणि तारा फ्रेटवर खडखडू लागतात. मानेच्या आतील लोखंडी सळई ॲलन चावीने पाव फेऱ्यापेक्षा अधिक एका वेळी फिरवू नये; हात धजत नसेल तर वर्षातून एकदा कारागिराकडून जुळवून घ्यावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि वाद्य भिंतीला उघडे न टेकवता पिशवीत ठेवावे. दुकानात येणाऱ्या मालाच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या ज्या पुड्या निघतात व केरात जातात, त्यांपैकी चार-सहा त्या पिशवीत टाकाव्यात.