पाहुण्यांच्या मापाचं घर

वर्ध्याच्या कुठल्याही नव्या लेआऊटमध्ये जा. सिंदी मेघे, पिपरी मेघे, नालवाडी, बोरगाव मेघे, कुठंही. बांधकाम चालू असलेल्या घरात शिरलात की मालक आधी हॉल दाखवतो, आणि तोही फुटांत. "सोळा बाय बावीस काढलाय." स्वयंपाकघराचं माप त्याला सहसा सांगता येत नाही. ते घरातल्या बाईला ठाऊक असतं, पण नकाशा ठरताना तिला कुणी विचारलेलं नसतं.

गेली बावीस वर्षं मी या भागात घरांचे नकाशे काढतो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरातला हॉल गरजेपेक्षा मोठा असतो, आणि त्या मोठेपणाची किंमत घरातली दोन माणसं मोजतात: स्वयंपाक करणारी बाई आणि म्हातारे आईवडील.

हिशेब मांडू. ३० बाय ५० चा प्लॉट. चारी बाजूंनी जागा सोडली की तळमजल्यावर साधारण ९०० चौरस फूट हाती येतात. त्यातले १०० भिंती खातात. १६ बाय २२ चा हॉल म्हणजे ३५२. उरले ४४८. १० बाय ११ च्या दोन बेडरूम, २२०. दोन संडास-बाथरूम, ८०. जिना आणि बोळ, ८०. आता राहिले ६८ चौरस फूट. तेच स्वयंपाकघर. म्हणजे साडेआठ बाय आठ, आणि त्यातच ओटा, फ्रिज, सिलिंडर, धान्याच्या कोठ्या. दुसरं माणूस आत आलं की पहिल्यानं बाहेर व्हायचं.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जातात आणि पुरुषांची ९७. सगळं घरकाम काही ओट्यापाशी होत नाही, हे मान्य. तरी घरातल्या कुठल्या खोलीत माणूस खरोखर राबतं, हे सांगायला सर्वेक्षणाचीही गरज नाही. त्या खोलीला ६८ फूट, आणि सोफासेट मांडून ठेवायला ३५२.

दुसरी वसुली रात्री होते. तीन पिढ्यांचं घर, बेडरूम दोन. एक नवरा-बायकोची, एक मुलांची. आजी हॉलमध्ये, दिवाणावर. टीव्ही बंद होईपर्यंत तिनं झोपायचं नाही. सकाळी दूधवाला यायच्या आत अंथरूण गुंडाळायचं. भर दुपारी कुणी आलं तर उठून बसायचं आणि पदर सावरायचा. घरातला सर्वांत मोठा हॉल तिच्याकडे आहे, असं म्हणायला हरकत नाही. फक्त त्याला तिच्यासाठी दार नाही.

त्यातून आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. दहा फूट उंचीच्या १६ बाय २२ हॉलमध्ये ३५२० घनफूट हवा असते, १२ बाय १५ च्या खोलीत १८००. म्हणजे कूलरला जवळजवळ दुप्पट काम, आणि तेही पाण्याची ओढ असते त्याच दिवसांत. मग काय होतं? सगळं घर एका बेडरूममध्ये कोंडून घेतं आणि हॉल दुपारभर ओस पडतो. जुन्या कवेलूच्या घरांत छपरी होती, ओसरी होती. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपून तिथं बसता येत होतं. ती ओसरी आपण हॉलच्या पोटात घातली आणि वर फॉल्स सिलिंग लावलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "साक्षगंध, नामकरण, तेरवी, माणसं बसवायची कुठं?" हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. घरी माणसं येणं ही आपल्याकडं श्रीमंतीच आहे. पण असे प्रसंग वर्षात किती? दोन? तीन? आणि तेव्हाही साक्षगंधाला आपण सभागृह घेतो, तेरवीला दारात मंडप टाकतो. शंभर माणसं ३५२ फुटांतही मावत नाहीत, आणि आठ-दहा माणसं १८० फुटांत मजेत बसतात, सोफ्याऐवजी सतरंजी असेल तर पंधराही. उलट बावीस फुटांच्या दोन टोकांना माणसं बसली की आवाज चढवून बोलावं लागतं. मग कुणीतरी टीव्ही लावतो.

वर्ध्यात घराचा विषय निघाला की सेवाग्रामचं नाव निघतंच. ते नाव घेऊन साधेपणाचं प्रवचन देणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. घराचा खर्च पाचशे रुपयांच्या आत आणि साहित्य आसपासचंच, अशी अट होती. त्यातून आदिनिवास उभा राहिला. मुख्यतः एक मोठी खोली, आणि तिच्यात सगळे. गांधीजी, कस्तुरबा, आश्रमातली माणसं, पाहुणे. तुकडोजी महाराज राहिले, खान अब्दुल गफारखान राहिले. म्हणजे तोही एका अर्थानं हॉलच. पण त्या सदासर्वदा भरलेल्या खोलीत बांची कुचंबणा होत होती. ती जमनालाल बजाजांच्या ध्यानात आली आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवून घेतली. बा कुटी आजही तिथं उभी आहे. लोक बापूकुटीसमोर हात जोडतात आणि बा कुटीवरून पुढं जातात. घर बांधणाऱ्यानं मात्र तिच्यासमोर थोडं थांबावं. सगळ्यांसाठी खुली असलेली खोली घरातल्या एका बाईला पुरत नाही, हे तिथं मातीच्या भिंतींत लिहिलं आहे.

बापूकुटीतही शिकण्यासारखं आहे. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला आला, तेव्हा त्यानं त्या झोपडीतल्या जागा एकेक करून मोजल्या होत्या. चपला काढायची जागा, सगळ्यांनी मिळून बसायची मधली खोली, कामाची जागा, पाहुण्याची खोली, आजाऱ्याची खोली, ओसरी, न्हाणीघर. आजाऱ्याची खोली! माती-बांबूच्या कुटीत ती मावली आणि आपल्या काँक्रीटच्या घरात मावत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातल्या अख्ख्या घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. ते पुरेसं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपला नुसता हॉल त्याहून मोठा असेल, तर निदान 'जागाच पुरत नाही' ही तक्रार तरी करू नये.

मग हॉल केवढा असावा? माझं माप असं: घरात रोज संध्याकाळी जितकी माणसं एकत्र बसतात, त्यात चार पाहुणे मिळवा. बहुतेक घरांना १२ बाय १५ पुरतो. वरच्या हिशेबात १७२ चौरस फूट वाचले. त्यातले ३२ स्वयंपाकघराला द्या, ते १० बाय १० होईल. ९० फुटांत आईवडिलांसाठी १० बाय ९ ची खोली, दार लावता येईल अशी. उरलेल्या ५० फुटांत १० बाय ५ ची ओसरी. एखादी भिंत वाढेल, इंच इकडेतिकडे होतील, एवढंच. रुंदी बारा फुटांवर थांबली की जड बीमही सहसा टळतो.

आणि नकाशा ठेकेदाराच्या हाती देण्याआधी एक करा. घरातल्या बाईला आणि म्हातारीला तो कागद दाखवा. दोघींच्या हातात पेन्सिल द्या. खोडरबर तुमच्याकडे ठेवू नका.